पायाने सांधा बदलणारी ट्राम

पेटंट शोधायचं काम करतो म्हटलं की लोकांना वाटतं, मी शोध लावतो. तसं काही नाही. तुम्ही लावलेला शोध तुमच्या आधीच कोणीतरी लावून, कागदावर उतरवून, फी भरून ठेवला होता, एवढं दाखवून द्यायचे मला पैसे मिळतात. पुण्यात बाणेर-हिंजवडीच्या पट्ट्यात अशी बरीच ऑफिसं आहेत. मी मेकॅनिकलवाला, त्यामुळे माझ्या टेबलावर झडपा, बिजागऱ्या, गिअर आणि लहान मुलांच्या बाबागाड्या येतात. त्या दिवशी ट्राम आली, आणि तीही अमेरिकेतली.

मॅटर एका अमेरिकन लॉ फर्मचं होतं. करार असल्यामुळे तपशील जरासे फिरवून सांगतो. त्यांच्या क्लायंटवर पेटंटभंगाचा दावा लागला होता. वस्तू अशी: कारखान्याच्या फरशीत बसवलेल्या रुळांवरून चालणारी छोटी गाडी. माणूस पुढच्या टोकाला उभा राहून ती चालवतो, त्याचे दोन्ही हात दांड्यांवर. फाटा जवळ आला की डाव्या नाहीतर उजव्या पायाखालचं पॅडल दाबायचं. गाडीच्या पोटातून एक दांडा खाली उतरतो आणि फाट्यावरच्या हलत्या पात्याला बाजूने ढकलतो. पाय उचलला की स्प्रिंग दांडा वर घेते. आणि शेवटची मेख: एक पॅडल खाली असताना दुसरं दाबलंच जात नाही.

या मेखेवरच पेटंट मिळालं होतं. पेटंट ऑफिसातला सगळा पत्रव्यवहार वाचला तेव्हा कळलं, की परीक्षकाने बाकीची कलमं जुन्या कागदांतून बरोबर काढून दाखवली होती. दोन पॅडल एकमेकांना बांधलेली मात्र त्याला कुठेच सापडली नव्हती, म्हणून क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क ते सांगणारं पेटंटमधलं वाक्य, मंजूर. आम्हाला हवा होता असा एकच कागद, ज्यात ही सगळी कलमं एकत्र आहेत. दोन कागद जोडून काम भागतं कधीकधी, पण मग त्या काळातल्या कारागिराने हे दोन का जोडले असते, यावर पानंच्या पानं भांडावं लागतं. एका कागदात सगळं सापडलं तर भांडणच संपतं.

टीममधल्या पोरांनी नेहमीच्या जागा धुंडाळल्या: कारखान्यातल्या स्वयंचलित गाड्या, खाणीतल्या ट्रॉल्या, जत्रेतल्या आगगाड्या, कपड्यांच्या फॅक्टरीतले टांगते रूळ. हिट भरपूर, उपयोगाचं काही नाही. सगळे चाळीस-पन्नास वर्षांच्या आतच शोधत होते, आणि त्यात पोरांचा दोष नाही. 1976 च्या आधीची अमेरिकन पेटंटं ही चित्रं म्हणून साठवलेली आहेत. पेटंट ऑफिसच्या साइटवर ती बरीच वर्षं क्रमांक, तारीख किंवा वर्गीकरण टाकूनच निघायची. गूगलने आणि आता पेटंट ऑफिसनेही अक्षरओळख चालवून त्यातला मजकूर शोधण्याजोगा केलाय खरा, पण छपाईचा जुना खिळा, पसरलेली शाई. यंत्र ‘सी’ला ‘ई’ वाचतं आणि तुमची सर्च स्ट्रिंग कितीही हुशार असली तरी कोरडी परत येते.

अशा वेळी मी शब्द सोडून देतो आणि शरीराकडे बघतो. या गाडीवरच्या माणसाचे हात अडकलेत आणि पाय मोकळे आहेत. जगात याआधी रुळांवर, गाडीच्या पुढच्या टोकाला, दोन्ही हात गुंतवून कोण उभा राहत होता? ट्रामचा मोटरमन.

1888 मध्ये फ्रँक स्प्रेग या अमेरिकन इंजिनिअरने व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात विजेच्या ट्रामचं जाळं चालवून दाखवलं आणि पुढच्या काही वर्षांत अमेरिकेतल्या शहराशहरांतले घोडे तबेल्यात गेले. मोटरमनचा डावा हात कंट्रोलरच्या मुठीवर, उजवा ब्रेकच्या दांड्यावर. घंटा पायाने. कित्येक गाड्यांत चाकाखाली वाळू सोडायची ती पण पायाने. आणि फाट्यावर आलं की हा सगळा संसार सोडून, हातात लोखंडी पहार घेऊन खाली उतरायचं, रुळाच्या खाचेतला चिखल-बर्फ उकरायचा, सांध्याची जीभ, म्हणजे गाडीला फाट्यावर वळवणारं हलतं पातं, पहारीने पलीकडे लोटायची, परत चढायचं. मागे दुसरी ट्राम, बाजूला घोडागाड्या, सगळ्यांच्या शिव्या. ज्याने एक हिवाळा हे केलं असेल त्याच्या डोक्यात ‘हे वर उभ्या उभ्याच करता आलं तर’ हा विचार येणारच.

म्हणून वर्गीकरण काढलं. आजच्या पद्धतीत बी61एल 11 हा अख्खा गट ‘गाडीतून, किंवा गाडीच्या जाण्याने, सांधे हलवणे’ यासाठी राखलेला आहे. अमेरिकेच्या जुन्या पद्धतीत रेल्वेचे सांधे आणि सिग्नल यांचा वर्ग 246. एखाद्या कल्पनेला स्वतंत्र खण मिळाला, म्हणजे त्यात टाकायला कागद पुरेसे होते, एवढं नक्की. सकाळी चहा घेऊन बसलो आणि नुसती चित्रं उलटायला लागलो. मजकूर नाही, फक्त पहिलं पान.

काय काय निघालं! छपरावरून लोंबणारे दोर, प्लॅटफॉर्मच्या कठड्यावरची चाकं, रुळाच्या मध्ये गाडलेले खटके, गाडीच्या पोटाखाली लटकणारे नांगर. काही चित्रं इतकी सुरेख की मोटरमनच्या पगडीसारख्या टोपीची शिवणसुद्धा दिसते. काहींत मात्र कागदावर हलणारं आणि रस्त्यावर पहिल्याच खड्ड्यात तुटणारं यंत्र, हे पाहताक्षणी कळत होतं. पेटंट मिळायला यंत्र रस्त्यावर चालून दाखवावं लागत नाही, हे लोकांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

जेवणाच्या वेळेच्या सुमारास ते पान आलं. उभा छेद: ट्रामचा पुढचा प्लॅटफॉर्म, लाकडी फळ्यांच्या रेषा, फळ्यांतून वर आलेली दोन बुटकी पॅडल. त्यांच्या सळया फळीतून खाली, प्रत्येकीवर वळ्यावळ्यांची स्प्रिंग. खाली, चाकाच्या पुढे, रुळाच्या खाचेत शिरणारा लोखंडी बूट, त्याचं तोंड तिरकं घासलेलं, म्हणजे तो जिभेच्या टोकाशी पाचर होऊन घुसणार आणि तिला बाजूला सारणार. आणि फळीच्या खाली, दोन सळयांच्या मध्ये, बागेतल्या सी-सॉसारखी एक आडवी पट्टी, मधोमध खिळीवर. एक बाजू खाली गेली की दुसरी वर जाणार, आणि वरच राहणार. परीक्षकाला जी सापडली नव्हती ती मेख शाईने काढून, आकडा घालून, माझ्यासमोर होती. मी खुर्ची मागे सरकवली तर शेजारच्या पोरीने विचारलं, “काय झालं सर, लॉटरी?”

पण एक गोष्ट बसत नव्हती. पॅडल दोन, बूट मात्र चार. प्रत्येक पॅडलखाली एक लांब आडवी दांडी आणि तिच्या दोन्ही टोकांना, दोन्ही रुळांवर, एकेक बूट. मजकुरात याचं कारण दिलेलं नाही. लिहिणाऱ्याला ते सांगायची गरजच वाटली नसावी. मी इंजिनिअर असलो तरी सांधे माझ्या कामाचे नाहीत. समोरचा वकील हे बघून म्हणणार, ही रचनाच वेगळी आहे, आमच्याकडे एका पॅडलला एक दांडा. उत्तर तयार पाहिजे.

आमच्या सोसायटीत अण्णा राहतात. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले, लहानपण सगळं परळला गेलेलं. क्लायंटचा कागद दाखवणं शक्य नव्हतं, पण शंभर वर्षांपूर्वीचं पेटंट जगजाहीर असतं. फोनवर चित्र पाठवलं. दोन मिनिटांत त्यांचाच फोन.

“काय रे, हे कुठून काढलंस? ट्राम आहे ही.”

“हो अण्णा. पण चार बूट कशाला?”

“कारण जीभ एकच असते. रेल्वेत बघ, सांध्याला दोन पाती, दोन्ही एकाच दांड्याने जोडलेली, वर कुलूप. अशा सांध्याला चालत्या गाडीतून लाथ मारून काही होणार नाही. तुझ्या त्या अमेरिकन ट्रामला हलती जीभ एकाच रुळात, वळणाच्या आतल्या बाजूला. पलीकडच्या रुळात नुसता ओतीव तुकडा, खाच असलेला. आतलं चाक वळलं की आसामुळे बाहेरचं मुकाट येतं. आता फाटा उजवीकडचा असेल तर जीभ कुठल्या रुळात?”

“उजव्या.”

“आणि डावीकडचा असेल तर डाव्या. गाडीला दोन्ही प्रकारचे फाटे लागणार. म्हणून दोन्ही रुळांवर बूट. एक कामाला येतो, दुसरा फुकट फिरतो. कळलं?”

कळलं. शिवाय त्यांनी न विचारता दुसरंही सांगितलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटलं. रेल्वेत सांधा ड्रायव्हरच्या हातात कधीच देत नाहीत. तो सिग्नल केबिनच्या हातात, सिग्नलशी जखडलेला, कारण ड्रायव्हरला समोरचं दिसल्यावर ब्रेक लावून उपयोग नसतो. ट्रामचं सगळं नजरेवर. मोटरमन बघतो, थांबतो, ठरवतो. त्यामुळे गाडीतून सांधा हलवायची कल्पना ट्रामलाच सुचणार आणि ट्रामलाच शोभणार. मग ओघाने मुंबईची ट्राम आली. 31 मार्च 1964 ला बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली तेव्हा अण्णा शाळेत होते. मोटरमनची ती पायाने वाजवायची घंटा त्यांनी मला फोनवर तोंडाने वाजवून दाखवली. ऑफिसात सगळ्यांना ऐकू गेली.

दुपारभर क्लेम चार्ट केला. डाव्या रकान्यात क्लेमचं एकेक कलम, उजव्यात जुन्या पेटंटमधलं वाक्य आणि चित्रातला आकडा. रात्री साडेआठला, त्यांच्याकडे सकाळचे अकरा, वकीलबाईंचा फोन. बाई तयारीच्या. चार बुटांवर त्यांनी वेळ घालवला नाही. क्लेममध्ये ‘एक दांडा’ म्हटलं तरी जादा असलेला चालतो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. त्यांचा काटा दुसरीकडे रुतला होता. क्लेममध्ये स्पष्ट लिहिलंय की दांडा पुढच्या चाकाच्या पुढे हवा. जुन्या मजकुरात हे वाक्यच नाही. फक्त चित्रात दिसतं, आणि पेटंटचं चित्र मोजमापाने काढलेलं असतंच असं नाही.

मी म्हटलं, मोजमाप सोडा. किती इंच पुढे, हा प्रश्नच नाही. पुढे की मागे, एवढंच बघायचंय आणि ते चित्रात स्वच्छ आहे. आता समजा बूट चाकाच्या मागे बसवला. पुढची चाकं जिभेवरून सरळ निघून जाणार, मग बूट जीभ फिरवणार, आणि मागची चाकं वळणावर जाणार. पुढचा ट्रक, म्हणजे चाकांचा सांगाडा, एका रस्त्यावर, मागचा दुसऱ्या, आणि गाडी चौकात आडवी. ट्राम चालवणाऱ्यांना हा अपघात चांगला परिचयाचा आहे. म्हणजे बूट पुढे असणं ही आवड-निवड नाही. तसा नसेल तर ते यंत्र सांधा बदलणारं यंत्रच राहत नाही. पलीकडे थोडा वेळ टायपिंगचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, हे असंच्या असं लिहून पाठवा.

जाता जाता त्यांनी विचारलं, एवढी चांगली कल्पना होती तर मग चालली का नाही? रस्त्यावर हे यंत्र कुठे धावलं याचा पुरावा मी शोधत नव्हतो, आमच्या कामाला छापील कागद पुरतो. पण कारण उघड आहे. ट्रामच्या रुळाची खाच म्हणजे रस्त्यावरची गटार. दगड, नाल, बर्फ, सगळं त्यात. चालत्या गाडीतून खाचेत लोखंड घालायचं म्हणजे कधी ना कधी ते अडकणार. आणि वीज आलेलीच होती. वरच्या तारेवर फाट्याच्या अलीकडे एक संपर्कपट्टी बसवली की काम झालं: मोटरमनने करंट चालू ठेवून गाडी खालून नेली तर सांधा एका बाजूला, करंट तोडून नुसती घरंगळू दिली तर दुसऱ्या. गाडीच्या पोटात एकही सळई नको. पायाचं यंत्र असं बिनआवाजात बाद झालं. पहार मात्र गेली नाही. टोरंटोत आजही जीभ एकच आहे आणि विजेचा सांधा रुसला की ड्रायव्हर लोखंडी दांडा घेऊन बर्फात उतरतो.

पुढे काही आठवड्यांनी दोन ओळींची मेल आली: समोरच्यांनी तो क्लेम सोडला, मॅटर बंद, यापुढे बिलाला तास लावू नयेत. ज्याच्या कागदाने हे झालं त्याचा हक्क कधीच संपलेला होता. तेव्हा पेटंट मंजुरीपासून 17 वर्षं टिकायचं.

तास लावायचे नाहीत म्हणून घरी बसून वर्ग 246 अजून चाळतो. मोटरमनच्याही आधीच्या, घोड्याच्या ट्रामच्या काळात एकाहून एक नमुने आहेत. त्यातली एक जात अशी, की रुळांच्या मध्ये झुलती फळी बसवायची. ड्रायव्हरने लगाम डावीकडे ओढला की घोडा फळीच्या डाव्या भागावर पाय देणार, त्याच्या वजनाने फळी कलणार आणि सांधा डावीकडे फिरणार. उजवीकडे ओढला की उलट. हेही पायानेच, फक्त पाय घोड्याचा. मी ते चित्र अण्णांना पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, “दोन घोड्यांची गाडी असेल तर?” त्याचं उत्तर दुसऱ्या कुणाच्या तरी पेटंटमध्ये असणार, बघतोय.