पाचव्या महिन्यात स्तनात गाठ: तपासणीपासून रिपोर्टपर्यंत माझा अनुभव

बाविसाव्या आठवड्यात डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. पहिल्या डॉक्टरांनी वरवर तपासून सांगितलं, "दुधाची गाठ असेल, बाळंतपणानंतर बघू." गाठ शेवटी साधीच निघाली. तरीही "बाळंतपणानंतर बघू" हे उत्तर गरोदर बाईने ऐकून घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. गाठ साधी आहे हे तपासल्यावरच कळतं, आणि त्यासाठी लागणाऱ्या मुख्य तपासण्या गरोदरपणात करता येतात.

या दिवसांत स्तन मुळातच जड आणि गाठाळ होतात. आधीपासून असलेली फायब्रोॲडेनोमा नावाची साधी गाठ हार्मोन्समुळे वाढू शकते, कधी दूध साठून गॅलॅक्टोसील होते, कधी लॅक्टेटिंग ॲडेनोमा, म्हणजे दूध तयार करणाऱ्या ग्रंथींची साधी गाठ, होते. काखेत फुगवटा आला तर तिथे स्तनाचाच जादा भाग असू शकतो. गरोदरपणात बायॉप्सी केलेल्या, म्हणजे तुकडा काढून तपासलेल्या, गाठींपैकी बहुतेक साध्याच निघतात. स्तनाचा कॅन्सर साधारण 3,000 गरोदरपणांमागे एकीला आढळतो. प्रमाण कमी आहे, पण सुजलेल्या, घट्ट स्तनात तो लपून राहतो आणि "दुधाची गाठ" म्हणून महिने निघून जातात. म्हणून 2 आठवड्यांत न विरघळलेली गाठ दाखवायचीच. त्वचा संत्र्याच्या सालीसारखी झाली, स्तनाग्र आत ओढलं गेलं किंवा त्यातून रक्त आलं, तर 2 आठवडेही थांबायचं नाही. दुखत नाही म्हणजे काळजी नाही, हा समज चुकीचा आहे. कॅन्सरची गाठ बहुतेकदा दुखत नाही. शेक आणि तेलाचा मसाज घरोघरी सुचवले जातात, पण रगडून गाठ जात नाही, उलट सूज येऊन तपासणी अवघड होते.

डॉक्टरांकडे जाण्याआधी जागा लिहून ठेवा. स्तनावर घड्याळ आहे असं समजायचं, समोरच्या माणसाला दिसेल तसं. माझी नोंद होती: डावा स्तन, 2 वाजताची जागा, स्तनाग्रापासून 4 सेंमी, बोटाखालून सरकते, दुखत नाही. रेडिओलॉजिस्टही अशीच भाषा वापरतात, त्यामुळे नेमकी हीच गाठ बघितली गेली याची खात्री होते. गायनॅककडून चिठ्ठी घेताना "दोन्ही स्तन आणि दोन्ही काखा, सोनोग्राफी" असं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं "सोनोग्राफी" लिहिलं की काउंटरवर पोटाची नोंद होते आणि फेरी फुकट जाते. शक्यतो ब्रेस्ट सर्जनला आधी हाताने तपासू द्या. काख आणि गळ्याजवळचं हाड ते न विसरता बघतात.

सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नसतो, म्हणून गरोदरपणात पहिली तपासणी हीच. हात डोक्यावर घेऊन थोडं कुशीवर झोपवतात. पोट मोठं असेल तर उताणं झोपल्यावर गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडून चक्कर येते. उजव्या कमरेखाली उशी मागून घ्या, म्हणजे शरीर डावीकडे कलतं. रिपोर्टमध्ये बाय-रॅड्सचा, म्हणजे संशय किती आहे हे सांगणारा, आकडा शोधा. 2 म्हणजे नक्की साधी. 3 म्हणजे बहुधा साधी, कॅन्सरची शक्यता 2 टक्क्यांपेक्षा कमी. 4 म्हणजे संशयास्पद, बायॉप्सी हवी. 5 म्हणजे दाट शंका. माझा आकडा 4 होता, कारण 18 मिमीच्या गाठीची एक कड सलग नव्हती. "रक्तपुरवठा वाढलेला" या शब्दाने मी उगाच घाबरले होते. गरोदरपणात तो सगळ्याच स्तनात वाढलेला असतो.

मॅमोग्राफी लागलीच तर पोटावर शिशाचा ॲप्रन ठेवून करता येते, बाळापर्यंत पोचणारा किरणोत्सर्ग नगण्य असतो. पण या काळात स्तन दाट असल्याने तिचं चित्र तितकं स्पष्ट येत नाही. एमआरआयसाठी शिरेतून देतात ते गॅडोलिनियम हे औषध वारेतून बाळापर्यंत जातं, म्हणून ते टाळतात.

आता बायॉप्सी. बारीक सुईने पेशी काढायची एफएनएसी स्वस्त आणि पटकन होते, म्हणून काही ठिकाणी तीच आधी सुचवतात. गरोदरपणात मात्र स्तनाच्या साध्या पेशीही झपाट्याने वाढत असतात आणि काचेवर संशयास्पद दिसू शकतात. म्हणून जाड सुईने गाठीचे तुकडे काढणारी कोअर बायॉप्सीच मागा. आधी चालू औषधं सांगा. रक्तदाबाच्या जोखमीसाठी अनेकींना इकोस्प्रिन चालू असते, काहींना हेपॅरिनची इंजेक्शनं; दोन्ही रक्त पातळ करतात. ती स्वतःच्या मनाने बंद करायची नाहीत. बंद करायची का आणि कधी, हे गायनॅक आणि सर्जननी मिळून ठरवायचं.

लिग्नोकेनचं इंजेक्शन देऊन जागा बधिर करतात, ते गरोदरपणात चालतं. काही मिलिमीटरची चीर, मग 14 गेजची सुई, समोर सोनोग्राफीचा पडदा. सुई सुटताना स्टेपलरसारखा मोठा आवाज होतो. आधी एकदा ऐकवायला सांगा, नाहीतर दचकून हलायला होतं. माझे 5 तुकडे घेतले, टाका लागला नाही. यानंतरचा भाग माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत घाईत उरकला जाणारा: दाब. रक्तपुरवठा जास्त असल्याने निळं पडण्याची आणि आत रक्त साठण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त असते. घड्याळ लावून 15 मिनिटं सलग घट्ट दाबून धरायचं, मध्ये उचलून बघायचं नाही. नंतर कापडातून बर्फ, दिवसरात्र घट्ट ब्रा, 2 दिवस जड उचलणं बंद. दुखलं तर पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. ताप, वाढती लाली किंवा थांबत नसलेला स्राव दिसला तर त्याच दिवशी परत जा. चिरेतून दूध झिरपत राहण्याची तक्रार क्वचित होते. अंगावर पाजत असताना बायॉप्सी असेल तर आधी स्तन रिकामा करून जा.

लॅबच्या फॉर्मवर "गर्भवती, 23 आठवडे" हे शब्द स्वतः वाचून खात्री करा. पॅथॉलॉजिस्टला हे माहीत नसेल तर गरोदरपणातले बदल विकृती म्हणून वाचले जाऊ शकतात. माझ्या फॉर्मवर फक्त वय होतं. मी ते लिहून घेतलं. रिपोर्टबरोबर स्लाइड (काचेवरचा नमुना) आणि पॅराफिन ब्लॉकही (मेणात जतन केलेला तुकडा) मागा. पुढे परळच्या टाटा मेमोरियलसारख्या कॅन्सर रुग्णालयात जायची वेळ आली तर स्लाइड-ब्लॉक तिथे पुन्हा तपासतात.

वाट बघण्याच्या 5 दिवसांत मी सर्जनना एकच प्रश्न विचारला: कॅन्सर निघाला तर बाळाचं काय? उत्तर ऐकून झोप लागली, म्हणून इथे लिहिते. ऑपरेशन कोणत्याही महिन्यात करता येतं. पहिले 3 महिने उलटल्यावर ठरावीक केमोथेरपी देतात आणि प्रसूतीच्या साधारण 3 आठवडे आधी थांबवतात. रेडिएशन आणि टॅमॉक्सिफेन, ट्रॅस्टुझुमॅब ही कॅन्सरची औषधं मात्र प्रसूतीनंतरच. नुसता गर्भपात केल्याने आजार बरा होण्याची शक्यता वाढत नाही. निर्णय सर्जन, कॅन्सरतज्ज्ञ आणि गायनॅक यांनी एकत्र बसून घ्यायचा असतो.

माझा रिपोर्ट आला: लॅक्टेटिंग ॲडेनोमा. सर्जननी तो सोनोग्राफीच्या चित्राशी ताडून पाहिला. हे दोन्ही जुळतात का, असं तुम्हीही विचारा, कारण चित्र वाईट आणि तुकडा साधा असेल तर पुन्हा बायॉप्सी करावी लागते. काढायची गरज नव्हती. ही गाठ बहुधा बाळंतपणानंतर किंवा अंगावरचं दूध बंद झाल्यावर आपोआप बारीक होते. तिसाव्या आठवड्याला आकार पुन्हा मोजला, 20 मिमी. त्याच स्तनाने बाळाला पाजलं. दूध बंद झाल्यावर 3 महिन्यांनी केलेल्या सोनोग्राफीत गाठ 7 मिमी होती, आणि पुढची तारीख फाईलच्या पहिल्याच पानावर लिहिली आहे.