आमची वाटचाल: आईंचा एकटीचा फोटो

घरातलं माणूस गेलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणीतरी आमच्या दुकानाची पायरी चढतं. बहुतेकदा मुलगा, नाहीतर जावई. हातात अल्बम, हल्ली मोबाइल. "तेराव्याच्या आत मिळेल ना?" हे पहिलं वाक्य. वडील गेले असतील तर काम सोपं असतं. नोकरीच्या ओळखपत्राचा, निवृत्तीच्या समारंभाचा, पेन्शनच्या कागदांवरचा, कुठला ना कुठला एकट्याचा फोटो निघतो. आई गेली असेल तर तो मुलगा पानं उलटत राहतो. आई जवळजवळ प्रत्येक पानावर असते. पण कुणाच्या तरी मागे, नातवाला कडेवर घेऊन, पंगतीत वाढताना पाठमोरी, ग्रुपच्या कडेला खांदा कापला गेलेली. आमच्या स्टुडिओला पन्नास वर्षं होऊन गेली. आमच्या कामाची रीत या एका गोष्टीने ठरवली, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

बाबांनी स्टुडिओ टाकला 1974 साली, सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या दर्शनी खोलीत. त्याआधी सहा वर्षं ते लक्ष्मी रोडवरच्या एका स्टुडिओत मदतनीस होते. दिवे हलवायचे, पडदा झटकायचा, रात्री ट्रे धुवायचे. स्वतःचं भांडवल म्हणजे यशिकाचा एक वापरलेला दोन भिंगांचा कॅमेरा, 500 वॅटचे दोन दिवे आणि जिना व फुलदाणी रंगवलेला एक पडदा. 120 च्या रोलवर बारा फोटो बसायचे. एका गिऱ्हाइकावर बाबा दोनच फ्रेम खर्च करायचे, म्हणून बटण दाबण्याआधी दहा-दहा मिनिटं नुसते बोलत बसायचे. गाव कोणतं, शाळा कोणती, आज सुट्टी घेतली का. बोलता बोलता माणूस कोणत्या बाजूला मान कलवतो, हसताना कोणता डोळा बारीक होतो, हे ते पाहून ठेवायचे. आज कार्डात हजार फोटो मावतात, तरी ती दहा मिनिटं मी सोडलेली नाहीत.

दुपारी एक ते चार दुकान बंद आणि मागच्या कोठीत डार्करूम सुरू. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं द्रावण, 20 अंशांच्या आसपास ठेवायचा असतो. एप्रिल-मे महिन्यात पुण्यात ते कठीण. ते तापलं की फिल्मवरचं इमल्शन, म्हणजे चित्र धरणारा थर, मऊ पडतं, नख लागलं तरी ओरखडा उठतो. बाबा परातीत बर्फ घालून त्यात ट्रे ठेवायचे. प्रिंट धुण्याच्या बाबतीत तर ते फारच काटेकोर होते. कागदात हायपो, म्हणजे फोटो पक्का करणारं रसायन, राहिला तर फोटो काही वर्षांत पिवळा पडतो, म्हणून सकाळी नळाला पाणी असेपर्यंत प्रिंट वाहत्या पाण्यात. त्यापायी वाड्यातल्या बिऱ्हाडकरूंशी वादही झाले. पण 1975-76 सालचे आमचे प्रिंट लोक आजही कॉपीसाठी आणतात आणि त्यांतला पांढरा पांढराच आहे. मला याचा फार अभिमान आहे.

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असायची. तो दिवस रिटचिंगचा, आणि रिटचिंग आई करायची. दुकानाच्या पाटीवर हे कधी आलं नाही, म्हणून इथे लिहिते. खिडकीपाशी काचेच्या उतरत्या पाटावर निगेटिव्ह ठेवून, सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने ती काम करायची. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल फिरते ती जागा प्रिंटवर उजळ येते, सुरकुती हलकी होते. आई सुरकुती पूर्ण घालवत नसे. "निम्मी राहू दे, नाहीतर घरचे ओळखायचे नाहीत," असं तिचं म्हणणं. प्रिंटवरचे धुळीचे पांढरे ठिपके बारीक ब्रशने भरायचे आणि मोठे फोटो कापसाच्या बोळ्याने रंगवायचे, हेही तिच्याकडेच.

सगळ्यात अवघड काम गेलेल्या माणसांच्या एन्लार्जमेंटचं. त्या काळी आमच्या भागात कित्येक घरांत जुने फोटोच नव्हते. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं आणि भांड्याकुंड्यांबरोबर फोटोही गेले. "आमचे फोटो पानशेतात गेले" हे मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलं, की प्रत्येक घराचं असंच असतं असं मला वाटायचं. मग साताऱ्याच्या मावशीकडे, नाशिकच्या आत्याकडे पाठवलेली एखादी प्रत सापडायची आणि ती आमच्याकडे यायची. बाबा ती फळ्यावर लावून, दोन्ही बाजूंनी 45 अंशांत दिवे ठेवून तिचा फोटो घ्यायचे, म्हणजे कागदाची चमक येत नाही. त्या प्रतीत चेहरा असायचा ज्वारीच्या दाण्याएवढा. तो 12 बाय 15 इंचांवर नेला की नाक-डोळे धूसर व्हायचे, आणि उरलेलं आईला हाताने भरून काढावं लागायचं.

ती त्या घरच्यांना विचारायची, "कुंकू केवढं लावायच्या? गोल, की आडवी चिरी? भांग मधून पाडायच्या का? पदर एकाच खांद्यावर?" मुलगे गप्प व्हायचे. रोज पाहिलेल्या आईचं कुंकू केवढं होतं, हे त्यांना सांगता यायचं नाही. उत्तर द्यायच्या त्या सुना आणि लेकी. एकदा एक बाई आपल्या आईचा फोटो घेऊन आल्या. तो वडील गेल्यानंतरचा, कपाळ मोकळं असलेला. त्यांना कुंकू लावलेला हवा होता, कारण त्यांच्या आठवणीतली आई तशीच होती. बरोबर आलेल्या भावाला ते पटेना. आईने कॉपीच्या निगेटिव्हला हात लावला नाही, दोन प्रिंट करायला सांगितले आणि एकावर कुंकू रंगवलं. दोघं भावंडं दोन फोटो घेऊन गेली. मूळ चीज जशीच्या तशी ठेवायची आणि जे करायचं ते प्रतीवर करायचं, हा आमचा नियम तेव्हापासूनचा.

दुसरा नियमही आईचाच. 1978 च्या दिवाळीत ती बाबांना म्हणाली, "ग्रुप झाला की घरच्या बाईंना एकटीला बसवा. एक फ्रेम आपल्या खर्चाने गेली तर जाऊ दे." बाबांनी ते ऐकलं. नोंदवहीत ते अशा फ्रेमपुढे फक्त 'ए' लिहायचे. पैसे घ्यायचे नाहीत, प्रिंट मागितला तर द्यायचा, नाहीतर निगेटिव्ह पाकिटात.

मी कामात आले 1996 साली. तोवर रंगीत फोटो सगळीकडे झाले होते आणि धुलाई बाहेरच्या लॅबमध्ये जात होती. पहिल्याच वर्षी माझ्या हातून जे झालं ते मी नव्या मुलांना दरवेळी सांगते. एका आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. सगळं गोत जमलेलं, परदेशातून नातवंडं आलेली. मी 35 मिलिमीटरचा रोल भरला आणि भरभर फोटो घेत गेले. छत्तीसच्या पुढे आकडा गेला तेव्हा पोटात धस्स झालं. फिल्मची पट्टी दात्यांवर बसलीच नव्हती. रोल जागचा हलला नव्हता. रोल पुढे सरकतोय का, हे रिवाइंडची मूठ फिरते का यावरून कळतं, आणि मी एकदाही तिकडे पाहिलं नव्हतं. बाबा स्वतः त्यांच्या घरी गेले, पैसे परत केले आणि पुन्हा ग्रुप काढून द्यायचं ठरलं. पण ते राहून गेलं. तीन महिन्यांनी आजोबा वारले.

त्यांची सून आमच्याकडेच आली, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. तिच्या मुलाने त्या दिवशी त्याच्या साध्या हॉट शॉट कॅमेऱ्यातून सहा-सात फोटो काढले होते. एकात आजोबा ओवाळून घेताना हसत होते. फ्लॅशमुळे डोळे लाल, शेजारी कुणाचा तरी हात मध्ये आलेला. पण ते हसू मी तिथे उभी राहूनही टिपलं नव्हतं. मुलगा नातू होता, म्हणून ते त्याच्याकडे पाहून हसले होते. त्या फोटोवर आईने चार दिवस काम केलं. त्या दिवसापासून दोन कॅमेऱ्यांशिवाय मी कार्यक्रमाला जात नाही, आणि घरच्यांनी काढलेल्या फोटोला 'साधा फोटो' म्हणत नाही.

घरचे फोटो म्हणजे वेगळंच जग. पूर्वी आग्फा क्लिक थ्री असायचा, त्यावरही रोलला बाराच फोटो. त्याचं भिंग जवळचं धरत नसे, म्हणून माणसं दूर उभी करायची. सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा, म्हणून समोरच्यांचे डोळे मिचकलेले. सारसबागेत, पर्वतीच्या पायऱ्यांवर, सिंहगडावर काढलेले असे हजारो फोटो माझ्या हाताखालून गेले. पुढे छत्तीसचा रोल आला आणि तो गणपतीत भरला की संक्रांतीपर्यंत पुरवायचा. एका रोलमध्ये आरास, फराळ, महाबळेश्वर आणि बोरन्हाण. या रोलांत वडील क्वचितच दिसतात, कारण कॅमेरा त्यांच्याकडे. आणि आई कशी दिसते ते वर लिहिलंच आहे.

बोरन्हाणाविषयी थोडं सांगायलाच हवं, कारण ते माझं आवडतं काम. काळं झबलं, त्यावर पांढरेशुभ्र हलव्याचे दागिने आणि आत वर्षाचं बाळ. काळ्या कापडाच्या हिशेबाने प्रकाश मोजला तर हलवा पांढरा डाग होऊन बसतो, काटा दिसतच नाही. ज्या आजीने पहाटेपर्यंत बसून तो काटा फुलवला, तिला तो फोटोत दिसला पाहिजे. म्हणून दिवा समोरून लावायचा नाही. बाजूने, जरा मागून आणि पसरट ठेवायचा, म्हणजे एकेका दाण्याची सावली पडते. दुसऱ्या बाजूने थर्माकोलच्या पांढऱ्या पत्र्यावरून बाळाच्या चेहऱ्यावर उजेड परतवायचा. बाळ झोपून उठलेलं आणि पोट भरलेलं असावं. मुकुट सगळ्यात शेवटी, कारण तो चढला की मूल दोन मिनिटांत ओढतं. ती दोन मिनिटं साधली की दिवस सार्थकी लागला.

बाकीचा प्रवास पटकन सांगते. 2004 साली वाडा पडला आणि नव्या इमारतीत निम्म्या आकाराचा गाळा मिळाला. डार्करूम गेली. बाबांनी तिच्या दाराची कडी तेवढी काढून घेतली. डिजिटल आलं, मग मोबाइल आले आणि पासपोर्ट फोटो सोडले तर दोन वर्षं गल्ला जेमतेम होता. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा लग्नांच्या सगळ्या तारखा रद्द झाल्या. त्या काळात आमच्याकडे फक्त एकच काम येत राहिलं, आणि ते कोणतं हे सांगायला नको. माणसांना निरोपही देता आला नव्हता. व्हॉट्सअॅपवर आलेल्या पुसट फोटोंवरून मी रात्री-रात्री काम केलं. पैशांचं बोलणं मी कुणाकडे काढलं नाही.

त्या वेळी कळलं की मोबाइलने आईचा प्रश्न सोडवलेला नाही. फोनमध्ये दहा हजार फोटो असतात आणि आईचा एकटीचा, स्थिर, समोर पाहणारा एकही नसतो. त्यात व्हॉट्सअॅपवरून इकडून तिकडे गेलेला फोटो लहान होत जातो, कागदावर मोठा केला की फुटतो. गेल्या दोन-तीन वर्षांत लोक विचारतात, की संगणक चेहरा आपोआप नीट करतो ना? मी करून पाहिलं आहे. जिथे माहितीच नाही तिथे यंत्र एक बरा दिसणारा चेहरा घडवून ठेवतं. एका मुलीने असा फोटो पाहिला आणि म्हणाली, "छान आहे, पण ही माझी आई नाही." म्हणून आम्ही आजही आईसारखेच प्रश्न विचारतो. घरच्यांपैकी कुणी खात्रीने सांगेल तेवढंच भरतो आणि मूळ स्कॅन वेगळा ठेवून तोही त्यांना देतो.

कौटुंबिक सेशनमध्ये ती एक फ्रेम अजूनही आमच्या खर्चाने असते. ग्रुप झाला, मुलं खाली बुटांकडे पळाली, की मी म्हणते, "काकू, तुम्ही जरा बसा." उत्तर ठरलेलं: "माझा कशाला? मी फोटोत चांगली येत नाही." मग खुर्ची खिडकीकडे वळवते, चष्म्याच्या काड्या कानावर किंचित वर उचलते म्हणजे काचेत दिवा चमकत नाही, आणि रोजचा चहा किती वाजता, सकाळी सगळ्यांत आधी कोण उठतं, असं काहीबाही विचारते. घरचे बाहेर असतात तेव्हा त्या मोकळ्या बोलतात. गेल्या महिन्यात एका काकूंनी मला कोकणातल्या त्यांच्या विहिरीची सगळी गोष्ट सांगितली. मी मध्ये कधी बटण दाबलं ते त्यांना कळलंही नाही.

आई 2011 मध्ये गेली. बाबा आता 82 वर्षांचे आहेत, रोज संध्याकाळी दुकानात येऊन बसतात. आम्ही दोघं जुनी निगेटिव्ह एकेक पाकीट काढून स्कॅन करतो आहोत. सध्या 1983 पर्यंत पोचलो आहोत. नोंदवही नाव आणि पेठ यांप्रमाणे आहे. तुमच्या घरच्यांनी कधी आमच्याकडे फोटो काढला असेल तर पावती नसली तरी चालेल. आडनाव, तेव्हाचा वाडा आणि साधारण कोणत्या कार्यानंतर काढला एवढं सांगा. पाकीट सापडलं की बाबा आधी नोंदीत 'ए' आहे का ते पाहतात.