गोळी कुठे बसते

कापसावर फवारणीचे दिवस आले की चोपड्याकडची आमची रात्रपाळी झोप विसरायला लावते. त्या रात्रीही फवारा मारताना कोसळलेला एक तरुण आला होता. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, छातीत घरघर. अ‍ॅट्रोपिन हे त्या विषावरचं औषध चालूच होतं. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली.

"मनी माय उठत नही, डॉक्टरसाहेब!"

सत्तरीची आजी. झोप येईना म्हणून अल्प्राझोलामच्या गोळ्या एकामागून एक घेतलेल्या. मुलाच्या हातात रिकामी स्ट्रिप. मी आधी विचारलं, दारू घेतली होती का? तो दुखावला. "माळकरी शे ती!"

पण त्या उत्तराने माझा जीव अर्धा भांड्यात पडला. फवारणीचं ऑर्गॅनोफॉस्फेट हे विष थेट नसांमधला निरोप थांबवणाऱ्या एन्झाइमच्या कामाच्या जागी, अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेजच्या सेरिन या घटकावर, चिकटून बसतं. एन्झाइम बंद म्हणजे बंद. अल्प्राझोलाम तसं वागत नाही. गॅबा हे मेंदूला शांत करणारं रसायन. ते ज्याला चिकटतं त्या गॅबा-ए रिसेप्टरवर गॅबाची स्वतःची जागा अल्फा आणि बीटा या भागांमध्ये असते. ही गोळी तिथे जातच नाही, ती अल्फा आणि गॅमाच्या मध्ये बसते आणि गॅबाचा परिणाम वाढवते. मग रिसेप्टरमधली क्लोराइडची वाट जास्त वेळा उघडते आणि मेंदू शांत होतो. लाइट नसेल तर रेग्युलेटर कितीही फिरवा, पंखा हलत नाही. तसं गॅबा नसेल तर ही गोळी एकटी काही करू शकत नाही. म्हणून तिच्या जोराला मर्यादा आहे. दारू मात्र त्याच रिसेप्टरवर दुसरीकडून जोर लावते, आणि दोन्ही एकत्र आले की श्वास थांबू शकतो.

आजीचा श्वास संथ होता, पण नियमित. कुशीवर वळवलं, ऑक्सिजन लावला, नर्सला खाटेजवळ बसवलं. इंटर्नने फ्लुमाझेनिल सुचवलं. विचार बरोबरच होता, ते नेमकं त्याच जागी बसून गोळीला हुसकावतं. पण आजी ही गोळी कित्येक वर्षं रोज घेत होत्या. एकदम हुसकावली तर झटके येण्याची भीती. मी थांबायचं ठरवलं.

उजाडता उजाडता आजींनी डोळे उघडून चहा मागितला. मुलगा म्हणाला, आता या गोळ्या आजपासून बंदच करतो. मी त्याला खाली बसवलं. इतक्या वर्षांत मेंदूने या गोळीशी जुळवून घेतलंय, एकदम तोडली तरी झटके येऊ शकतात. डोस हळूहळू कसा उतरवायचा ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, आणि स्ट्रिप सुनेच्या ताब्यात ठेवायला सांगितली.