डावीकडचं दार

मागच्या जुलैत ठाण्यात जांभळी नाक्याला भाजी घेतली, पाऊस धो धो, दोन्ही हातात पिशव्या, छत्री मानेत अडकवलेली, असा सगळा अवतार घेऊन गाडीपाशी आलो आणि खिशात हात घातला तर किल्ली नाही. पँटचे खिसे बघितले, शर्टाचा बघितला, अळूच्या जुडीत पण हात घालून बघितला. मग ज्यांच्या ज्यांच्याकडे थांबलो होतो त्या सगळ्यांना विचारत उलटा फिरलो. मिरचीवाल्या मावशी म्हणाल्या, सापडली तर ठेवते हो, पण गाडी कुठली? म्हटलं मारुती एटहंड्रेड. तर त्या अशा काही हसल्या की आपण उगाच टेन्शन घेतोय असं मलाच वाटायला लागलं.

गाडी २००३ ची, एमएच झिरो फोर. पंधरा वर्षं झाली तेव्हा २०१८ ला रीपासिंग केलं, मग पाच वर्षांनी २०२३ ला परत. दर वेळी घरात सगळे म्हणतात की आता काढ ती, आणि दर वेळी मी आरटीओत जाऊन येतो. दुसरी किल्ली बदलापूरच्या एका लग्नात गेली त्याला बारा-तेरा वर्षं झाली असतील, आणि तेव्हापासून "एक डुप्लिकेट करून घेतली पाहिजे" हे वाक्य मी दर दिवाळीला म्हणतो.

बाबांना फोन केला. तर ते एकदम शांत. म्हणाले अरे नव्या गाडीबरोबर पत्र्याचा छोटा बिल्ला येतो, त्यावर किल्लीचा नंबर असतो, त्या नंबरावरून अगदी ओरिजिनल किल्ली कापून मिळते, आणि तो बिल्ला मी जपून ठेवलाय. कुठे ठेवलाय विचारलं तर म्हणाले, बघावं लागेल. बाबांनी जपून ठेवलेली वस्तू म्हणजे विषय संपला.

शेवटी स्टेशनकडनं चावीवाला आला, पत्र्याची पेटी घेऊन. बाराशे म्हणाला, नऊशेवर आला. मी त्याच्यावर छत्री धरली. त्याने ड्रायव्हरच्या दाराच्या कुलपात टॉर्च मारला, अंगठा फिरवला आणि काही न बोलता गाडीला वळसा घालून डावीकडे गेला. म्हटलं अहो, इकडे. तर म्हणाला, "ते घासून गेलंय साहेब, त्याच्यावरनं बनवली तर चावी पण घासलेलीच बनेल. इथे कोण चावी लावतं?"

मग त्याने ब्लँक, म्हणजे दाते न कापलेली कोरी किल्ली, आत घातली, जरा डावी-उजवीकडे पिळली, बाहेर काढली, डोळ्याजवळ नेली. कुठे बारीकसा चकचकीत ओरखडा उठलाय तिथे कानस, दोन हात, बस. परत आत. कुलपाच्या आत पितळेच्या पत्त्या असतात, स्प्रिंगवर बसवलेल्या, किल्ली नसते तेव्हा त्या बाहेर येऊन खाचेत अडकतात म्हणून कुलूप फिरत नाही, आणि बरोबर किल्ली गेली की सगळ्या एका रेषेत खाली बसतात. तो त्या एकेका पत्तीला आत न बघता शोधत होता. वीस-पंचवीस मिनिटं हे चाललं, माझा उजवा खांदा पूर्ण भिजला, आणि मग एकदम खट्. दार उघडलं. इग्निशन पण थोडं हलवल्यावर फिरलं. ड्रायव्हरचं दार मात्र ढिम्म. का तर ते कुलूप आणि हरवलेली किल्ली वीस वर्षं एकमेकांना घासत घासत एकत्रच झिजली होती, त्यामुळे बरोबर मापाची नवी किल्ली त्याला आता चुकीची वाटत होती.

म्हणजे गाडीची मूळ किल्ली कशी होती हे फक्त डाव्या दाराला आठवत होतं. आणि ते आईचं दार. त्याला कधीच कुणी किल्ली लावली नाही, कारण बाबा आधी स्वतः बसायचे, मग आतून आडवे होऊन डाव्या दाराचं बटण वर ओढायचे. आई तोवर बाहेर पदर सावरत उभी.

किल्लीची एवढी मातबरी आमच्याकडे कधी नव्हतीच म्हणा. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या एटहंड्रेडची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंगांना दिली हे बाबांना तारखेसकट पाठ आहे, पण हेच बाबा एकदा गडकरी रंगायतनला नाटक सुटल्यावर दुसऱ्याच पांढऱ्या एटहंड्रेडमध्ये जाऊन बसले होते. आमच्या किल्लीने ती सरळ उघडली! डॅशबोर्डवर गणपतीच्या जागी साईबाबा दिसले तेव्हा कुठे खाली उतरले. म्हणजे आमची किल्ली तेव्हापासूनच कुठल्याही कुलपात चालत होती.

पुढच्या रविवारी चावीवाला ड्रायव्हरच्या दाराचं कुलूप बदलायला सोसायटीत आला. काच खाली-वर करायचं हँडल काढलं, दाराचं पॅड उचकटलं, आतली क्लिप ओढून जुनं कुलूप बाहेर. त्यातनं काळा चिकट मळ निघाला. "तेल कुणी घातलं यात?" बाबा गॅलरीतनं बघत होते, ते आत गेले. दर पावसाळ्यात खोबरेल घालायचे ते, ज्यावर धूळ बसते आणि जे डिसेंबरात पहाटे थिजतं. ग्राफाइटची पावडर घाला म्हणाला, नाहीतर पेन्सिलीच्या शिशाची पूड. मग नव्या कुलपातल्या पत्त्या काढून, बदलून, दोन कानसून ते नव्या किल्लीला जुळवून दिलं. हरवलेली जुनी किल्ली कुणाला सापडली तर? तर म्हणाला मग चारही कुलपं बदलावी लागतील. मी गाडीकडे बघितलं, त्याने पण बघितलं, आणि दोघांनी तो विषय सोडला.

त्या संध्याकाळी आईला घेऊन कोपिनेश्वरच्या देवळात निघालो. मुद्दाम डावीकडे गेलो, किल्ली लावून दार उघडून धरलं. ती बसेचना. म्हणाली, तू बस ना आधी.

दोन डुप्लिकेट पण करून घेतल्या. एक माझ्या ऑफिसच्या बॅगेत आहे. दुसरी बाबांनी मागून घेतली आणि जपून ठेवलीय.