स्क्रू घट्ट होते, तरी छत हलत होतं

एका घरी खोलीचं छत जिप्सम बोर्डाने झाकायचं काम मालकांनी स्वतःच केलेलं, मला बोलावलं ते फक्त सांधे भरायला. लाकडी फ्रेम लेव्हलला, बोर्डही मापात कापलेले, बघून बरं वाटलं. पण शिडीवर चढून तळहाताने बोर्ड वर दाबला तर तो चक्क वर गेला आणि सोडला की खाली आला, स्क्रू मात्र जागचा हलला नाही. म्हटलं दादा, सांधे राहूदेत, आधी मशीन कुठलं वापरलं ते दाखवा.

त्यांनी कौतुकाने इम्पॅक्ट ड्रायव्हर काढला. मशीन चांगलंच आहे, जाड लाकडात लांब स्क्रू मारायला माझ्याकडेही तेच असतं. पण त्याला जोर लागला की आतला हातोडा मिनिटाला तीनतीन हजार ठोके द्यायला लागतो आणि जिप्समला ते अजिबात झेपत नाही. बोर्डाची ताकद वरच्या कागदात, आतला माल म्हणजे जवळपास खडूच. स्क्रूचं डोकं कागद न फाडता जरासं आत बसलं तर तो कागद बोर्ड धरतो, कागद फाटला की स्क्रू लाकडात घट्ट असतो पण बोर्डाला त्याचा काही उपयोग नाही, मग पंचवीसेक किलोचा अख्खा बोर्ड लटकणार कशावर?

"मी ट्रिगर हळू दाबतो ना मग," ते म्हणाले आणि मारून दाखवले. पहिले बरे बसले, नंतरचा खपकन आत. हात वर, मान मोडलेली, अशा वेळी बोटावर कंट्रोल राहतच नाही हो.

मग लगेच, "म्हणजे स्क्रूगन घ्यावी लागणार?" माझं मत असं की एका खोलीसाठी नाही घ्यायची. स्क्रूगन, म्हणजे जिप्सम बोर्डाचे स्क्रू मारायचं खास मशीन, झकास असते, बऱ्याच मॉडेलना मिनिटाला ४००० च्या आसपास फेरे, मोटर चालूच ठेवायची, बिट दाबल्यावरच फिरतो आणि नाक बोर्डाला टेकलं की क्लच आपोआप सुटतो, स्क्रू किती आत जायचा ते एकदा सेट केलं की सगळे सारखे. पण ती पुढे दुसऱ्या कशाला फारशी लागत नाही. अख्खं घर करायचं असेल तर भाड्याने आणा.

त्यांच्याकडे साधी ड्रिल मशीन होतीच. तिला ड्रायवॉलचा (म्हणजे जिप्सम बोर्डाचाच) कॉलरवाला बिट लावला, हा डोकं ठराविक खोलीला गेलं की स्क्रू आपोआप सोडतो, आणि क्लच (ठराविक जोर आला की बिट फिरवणं थांबवणारी नंबरांची कडी) खालच्या नंबरपासून एकेक वाढवत टाकाऊ तुकड्यावर जमवून घेतला. स्क्रू ३२ मिमीचे, जाड आट्यांचे, लाकडाला तेच लागतात (पत्र्याच्या चॅनेलला बारीक आट्यांचे). मग फाटलेल्या प्रत्येक भोकापासून ५० मिमीच्या आसपास सरकून नवा स्क्रू, बोर्ड आधी हाताने फ्रेमला दाबून धरायचा, मगच जुना काढायचा. त्याच भोकात परत मारायचा नाही, पकडच नसते. छताला दोन स्क्रूंमध्ये ३०० मिमीपेक्षा जास्त अंतर ठेवलं नाही, भिंतीला ४०० चालतं.

शेवटी पुट्टीची पाती सगळ्या ओळींवरून फिरवली. काही ठिकाणी टक्कन अडकली, म्हणजे डोकं वर राहिलेलं, ते साध्या स्क्रू ड्रायव्हरने पाव फेरा फिरवून घेतले आणि मग टेप लावायला घेतली.