थेंब घरी राहिले आणि धाप थांबली

केसपेपरवर आधीच्या दवाखान्यातला शेरा होता : 'थेंब नियमित घालत नाहीत.' खाली लाल शाईची रेघ. मी डोळ्यांची डॉक्टर, काचबिंदूच्या रुग्णांच्या कागदावर हा शेरा मला कायम दिसतो. बऱ्याचदा तो खराही असतो. काचबिंदू सहसा दुखत नाही, नजर कडेकडेने जाते आणि मधली शाबूत राहते, त्यामुळे आपलं काही बिघडलंय असं माणसाला वाटतच नाही. अशा आजारासाठी रोज, जन्मभर थेंब घालायचे हे सोपं नाही. पण 'का घालत नाहीत' हे त्या शेऱ्यापुढे कुणी लिहीत नाही, आणि मला राग येतो तो त्याचा.

मावशी ६४ वर्षांच्या, लोणंदजवळच्या गावातल्या. आषाढी होऊन तीनेक आठवडे झाले होते. बरोबर मुलगा आणि सून. खुर्चीत बसायच्या आधीच मुलगा बोलायला लागला.

"मॅडम, आता तुम्हीच सांगा हिला. वारीला गेली ती बाटली घरी ठेवून. परत येईपर्यंत एक थेंब नाही डोळ्यात."

मावशी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "इसरले वो. पर माउलीनं चालवलं बघा. लोणंदपास्नं पंढरपूरपत्तोर चालले, पयले दोन-तीन दिस सोडलं तर धाप लागली न्हाई. घरी आले आन् परत सुरू."

"काय सुरू?"

"छाती भरती. रातच्याला उठून बसावं लागतं."

मुलाने सांगितलं की सहा-सात महिन्यांपासून हा त्रास आहे, छातीच्या डॉक्टरांना दाखवलंय, पंप दिलाय, फारसा फरक नाही. वय झालं, चुलीचा धूर, असं घरच्यांनी धरलं होतं. मी मात्र वारीपाशीच अडकले. फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर. पावसात भिजायचं, पालाच्या आत ओलीवर झोपायचं, हजारो पावलांची धूळ. छातीचा आजार असलेल्या बाईची तिथे दैना व्हायला हवी होती. ती चालत गेली आणि घरी येऊन आजारी पडली. तेवढ्या दिवसांत तिच्या अंगात काय गेलं नव्हतं? थेंब.

डोळे तपासणं बाजूला ठेवून मी बाटली मागितली. सुनेने पिशवीतून काढून दिली. पुढे मोठ्या अक्षरात कंपनीने ठेवलेलं नाव, मागे मुंगीएवढ्या अक्षरात आतली औषधं : ब्रिमोनिडीन ०.२ टक्के, टिमोलॉल ०.५ टक्के. एका बाटलीत दोन औषधं, दिवसातून दोनदा, दोन्ही डोळ्यांत.

"छातीच्या डॉक्टरांना हे थेंब चालू आहेत म्हणून सांगितलं होतं?"

"औषधं इचारली की त्यांनी. बीपीची गोळी सांगितली." थेंब त्यांनी औषधात धरलेच नव्हते. डोळ्यात घातलं ते डोळ्याचं, असाच बहुतेकांचा हिशोब असतो. आणि डोळ्यांच्या कागदावर 'दमा : नाही' असं लिहिलेलं. मी पुन्हा विचारलं, लहानपणी काही? "बाळदमा व्हता. न्हाणं आलं तवा गेला त्यो."

टिमोलॉल हे बीटा ब्लॉकर जातीचं औषध, म्हणजे हृदयावर आणि श्वासनलिकांवर असलेल्या 'बीटा' नावाच्या जागा अडवणारं. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून काचबिंदूसाठी वापरात आहे, स्वस्त आहे, आणि ज्याला सोसतं त्याच्यासाठी फार चांगलं आहे. मीही ते लिहून देते. पण डोळ्यात पडलेला थेंब डोळ्यात राहत नाही. डोळ्याच्या पृष्ठभागावर थेंबाचा जेमतेम चौथा-पाचवा भाग मावतो. बाकीचं काही गालावर ओघळतं, काही आतल्या कोपऱ्यातल्या बारीक नळीतून नाकात उतरतं. नाकाच्या नाजूक अस्तरातून ते थेट रक्तात जातं. पोटात घेतलेली गोळी आधी यकृतातून जाते आणि तिचा जोर कमी होतो. थेंबाच्या वाटेवर हा नाका नाही. म्हणून एवढ्याशा मात्रेनेही हृदयाचे ठोके मंदावू शकतात आणि दम्याची प्रकृती असलेल्याच्या श्वासनलिका आवळू शकतात. वर दम्याच्या पंपातलं सालब्युटामॉल ज्या जागी जाऊन श्वासनलिका मोकळ्या करतं, तीच जागा टिमोलॉल अडवून बसतं. पंप का लागू पडत नव्हता, त्याचं कारण इथे होतं.

नाडी मोजली, मिनिटाला ५२. ड्रॉवरमधला स्टेथोस्कोप काढून पाठीवर ठेवला. दोन्ही बाजूंना शिट्टीसारखा आवाज.

तोवर गप्प बसलेली सून म्हणाली, "मॅडम, मी यांना बोलले होते. रात्री आत्यांना थेंब घातले की अर्ध्या-पाऊण तासात खोकला चालू होतो. सकाळचे थेंब झाल्यावर भाकरी थापतानाही त्यांना दम लागतो. पण डोळ्याच्या औषधाने खोकला कसा येईल, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही." महिनोन् महिने रोज रात्री शेजारी बसून तिने जे पाहिलं होतं, त्याच्या तोडीची नोंद आम्हा डॉक्टरांपैकी कुणाच्याही कागदावर नव्हती.

ती बाटली मी त्याच क्षणी बंद केली आणि छातीच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. थेंबाचं नाव ऐकताच त्यांच्या सगळं लक्षात आलं. लगेच पाठवा म्हणाले.

त्यांना पाठवण्यापूर्वी डोळे पाहिले. पापण्यांची कातडी काळपट-लाल, जाड झालेली. खालची पापणी ओढून स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, धरली तर आतलं अस्तर बारीक साबुदाणा पसरावा तसं दाणेदार. ही ब्रिमोनिडीनची ॲलर्जी. ती पहिल्याच दिवशी दिसली तर ओळखणं सोपं, पण बऱ्याच जणांत ती काही महिन्यांनी उगवते, आणि इतके दिवस चाललेल्या औषधावर संशय कोण घेणार? म्हणजे एकाच बाटलीतलं एक औषध छातीला नडत होतं आणि दुसरं डोळ्याला. त्याआधी त्यांना लॅटॅनोप्रॉस्ट हे काचबिंदूचं दुसरं औषधही थेंबातून दिलेलं होतं, डोळे लाल होतात म्हणून ते बंद केलेलं. त्या लालीत औषधाचा स्वतःचा वाटा असतोच, पण बाटलीतलं औषध टिकावं म्हणून घातलेलं प्रिझर्व्हेटिव्ह, बेंझाल्कोनियम क्लोराइड, तेही डोळ्याच्या पृष्ठभागाला झोंबतं. वर्षानुवर्षं थेंब घालणाऱ्यांना ते जास्तच.

मुलगा आता वेगळ्याच आवाजात म्हणाला, "म्हणजे थेंबच बंद? मग डोळ्याचं काय?"

प्रश्न बिनतोड होता. मावशींच्या उजव्या डोळ्याची नाकाकडची नजर गेलेली होती, ती परत येणार नव्हती. थेंब चालू असूनही डोळ्याच्या आतलं प्रेशर उजवीकडे २२, डावीकडे २०. मेंदूकडे जाणारी नस इतकी खराब झालेल्या डोळ्याला २२ परवडत नाही. सोसत नाही म्हणून औषध सोडून देणं हा उपाय होऊच शकत नाही, सोसेल असं काहीतरी शोधावंच लागतं. त्याच रात्रीपासून लॅटॅनोप्रॉस्टच्याच, म्हणजे प्रोस्टाग्लॅंडिन गटातले, पण प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब सुरू केले, फक्त रात्री एकदा. पापण्यांसाठी थंड पाण्याच्या घड्या आणि तसेच प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले ओलाव्याचे थेंब. हे थेंब महाग आहेत, हेही स्पष्ट सांगितलं. खर्च न सांगता लिहिलेलं औषध महिनाभरात बंद पडतं.

आठवड्याने मावशी आल्या त्या आडव्या झोपू लागल्या होत्या. नाडी ६८. पुढे छातीच्या डॉक्टरांनी पंपही हळूहळू कमी केला. पापण्या मऊ व्हायला मात्र महिना गेला. प्रेशर उजवीकडे २३ वर राहिलं, तेव्हा लेसरचा विषय काढला. त्यांच्या डोळ्याचा कोन, म्हणजे आतलं पाणी बाहेर पडायची जागा, उघडा असल्यामुळे एसएलटी हा लेसर करता येत होता. त्या पाण्याचा जिथून निचरा होतो त्या जाळीवर लेसरचे हलके ठिपके देतात, चिरफाड नाही, काही मिनिटांचं काम. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या 'लाइट' अभ्यासात ज्यांना सुरुवातीलाच हा लेसर दिला, त्यांच्यातल्या ७४ टक्के लोकांचं प्रेशर तीन वर्षांनीही थेंबांशिवाय ठरलेल्या मर्यादेत होतं. मावशींचा काचबिंदू त्या लोकांपेक्षा पुढे गेलेला, त्यामुळे थेंब पूर्ण सुटतील असं मी म्हटलं नाही. लेसर पुण्याला करून आले. परिणाम दिसायला सहा आठवडे लागले, नंतर रात्रीच्या एका थेंबावर उजवं प्रेशर १७ आणि डावं १५. लेसरचा असर काही वर्षांत ओसरू शकतो. पुन्हा करता येतो, नाही जमलं तर ऑपरेशन आहे, हे तिघांनाही सांगून ठेवलंय.

थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन-तीन मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे औषध नाकात कमी उतरतं, हे मी सुनेकडून करवून घेतलं. तिने ते मावशींना शिकवलं. मुलाने एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात लिहिलं : 'टिमोलॉल चालत नाही. बीटा ब्लॉकर देण्याआधी विचारा.' तो आता बीपीच्या गोळीबरोबर डब्यात असतो. आमच्या ओपीडीच्या केसपेपरवर 'चालू औषधे' याच्या पुढे मी 'डोळ्यांचे थेंब, पंप, मलम धरून' असं छापून घेतलंय, आणि दम्याच्या रकान्यात 'लहानपणीसुद्धा'.

सख्ख्या भावंडांना काचबिंदूचा धोका जास्त असतो, म्हणून गेल्या महिन्यात मावशी धाकट्या भावाला घेऊन आल्या. त्यांचं प्रेशर ठीक आहे, पण डाव्या डोळ्याची नस मला थोडी संशयास्पद वाटली. फील्डची, म्हणजे कडेची नजर किती आहे याची, तपासणी करून सहा महिन्यांनी बोलावलंय. मी विचारायच्या आत मावशीच म्हणाल्या, "ह्यालाबी ल्हानपणी बाळदमा व्हता, ल्हून घ्या आदी."