झाडाला वास हवा : लवंगी संत्री आणि दालचिनीच्या चांदण्या

प्लॅस्टिकचं झाड उभं केलं, दिवे लावले की ख्रिसमस दिसायला लागतो. वास मात्र येत नाही. खऱ्या सूचिपर्णी झाडाला राळेचा वास असतो, तारेच्या फांद्यांना तो कुठून येणार? सुगंधी फवारे मला मानवत नाहीत, थोड्याच वेळात डोकं धरतं. म्हणून ठरवलं, की वास झाडावरच्या सजावटीतूनच यावा आणि तो मसाल्याच्या डब्यातला असावा. त्यासाठी दोन गोष्टी केल्या : लवंगा टोचलेली संत्री आणि दालचिनीच्या कणकेच्या चांदण्या. दोन्हींची कृती कुणालाही जमेल अशी आहे. कस लागतो तो वाळवण्यात.

सुरुवात संत्र्यांनी केली, कारण ती वाळायला चार ते सहा आठवडे लागतात. चोवीस डिसेंबरला हवी असतील तर नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात हात घालायला हवा. संत्रं घट्ट आणि पातळ सालीचं बघून घ्यायचं. साल सुटी, पोकळ असेल तर लवंग धरत नाही, डुगडुगते. आधी फळाभोवती उभी-आडवी अशी चिकटपट्टी लावली, म्हणजे पुढे फीत बांधायला वाट मोकळी राहते. मग चार भागांत टोचणी सुरू.

हे काम जवळून बघण्यासारखं आहे. दाभणाने साल टोचली की आधी बारीक तुषार उडतो. सालीतल्या तेलाच्या पिशव्या फुटतात, तो त्यातल्या लिमोनीनचा वास, ताजा आणि किंचित तिखट. त्या भोकात लवंग दाबायची, दांडी पूर्ण आत आणि नुसतं डोकं वर. दाबताना बऱ्याच लवंगांच्या डोक्यावरची गोल टोपी निखळते. त्या टोप्या मी एका वाटीत जमवत गेले, कारण लवंगेची पूड पुढे लागतेच. नुसत्या बोटाने दाबत राहिलं तर बोटाचं टोक हुळहुळतं, म्हणून शिवणकामाचं अंगुस्तान घातलं. लवंगा एकमेकींना अगदी खेटून बसवायच्या नाहीत. फळ आकसतं तेव्हा त्या आपोआप जवळ येतात, आणि जागा नसेल तर साल चिरते. घेतलेलं संत्रं त्याच दिवशी पूर्ण करायचं आणि एकही भोक रिकामं ठेवायचं नाही, कारण बुरशी शिरते ती तिथूनच.

टोचून झाल्यावर दालचिनी, जायफळ, त्या टोप्यांची पूड आणि थोडी ओरिस पावडर यांच्या मिश्रणात संत्री घोळवली. ओरिस म्हणजे आयरिस फुलझाडाच्या वाळवलेल्या कंदमुळाची पूड. इतर वास धरून ठेवण्याचा तिचा गुण अत्तरवाल्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मग प्रत्येक संत्रं कागदी पिशवीत, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी. प्लॅस्टिकची पिशवी अजिबात नको. रोज एकदा पिशवी उघडून संत्रं फिरवायचं, हुंगायचं. आंबूस वास आला तर ते बाजूला काढायचं. लवंगेतलं युजेनॉल बुरशीला आवर घालतं आणि वाळक्या लवंगा फळातला रस शोषतात, म्हणूनच सबंध फळ न सडता वाळतं. तयार झालेलं संत्रं हातात घेतलं की कळतं. ते आश्चर्य वाटावं इतकं हलकं झालेलं असतं आणि नखाने टकटक केलं तर लाकडासारखं वाजतं.

ही कल्पना जुनी आहे. दूषित हवेने रोग पसरतात अशी युरोपात समजूत होती, तेव्हा लोक सुगंधी द्रव्यांचे गोळे कमरेला किंवा गळ्यात बाळगत. सोळाव्या शतकातले इंग्लंडचे कार्डिनल, म्हणजे कॅथलिक चर्चचे वरिष्ठ धर्मगुरू, वूल्झी गर्दीत जाताना आतून कोरलेलं संत्रं हातात धरत, त्यात व्हिनेगरमध्ये भिजवलेला स्पंज असे. संत्रं पिशवीतून काढून हुंगताना मला दर वेळी हे आठवायचं.

आता चांदण्या. एक कप दालचिनीची पूड आणि पाऊण कप सफरचंदाचा गर, एवढाच ऐवज. मैदा नाही, मीठ नाही. मिठाच्या कणकेची लटकनं मी मुद्दाम टाळली, कारण घरात कुत्रा आहे. त्या कणकेत मीठ इतकं असतं, की कुत्र्याने एखादं लटकन खाल्लं तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. दालचिनीच्या चांदण्याही खाण्यासाठी नाहीतच. माझी भाची पहिल्या लाटीलाच म्हणाली, "मावशी, एकच चाटून बघते ना!" तिला समजावून सांगितलं आणि चाखायला सफरचंदाचा उरलेला गर दिला. चांदण्या टांगल्यासुद्धा वरच्या फांद्यांवर.

सफरचंदं शिजवून, गाळून, गर घट्ट होईपर्यंत आटवला. साखर घातली नाही. साखरेने कणीक चिकट राहते आणि मुंग्या येतात. दालचिनी कॅसिया जातीची घेतली, जाड सालीची आणि उग्र वासाची. तिच्यात चिकट द्रव्य भरपूर असतं, ओलावा मिळाला की बुळबुळीत होतं. ते आणि सफरचंदातलं पेक्टिन मिळून कणीक बांधतात. पातळ, नाजूक पापुद्र्यांच्या सिलोन दालचिनीला असा चिकटपणा कमी. गर एकदम ओतायचा नाही, थोडा थोडा घालत मळायचं. आधी ती भुगा-भुगा वाटते, मग एका क्षणी सगळी एकत्र येते. गोळा दाबल्यावर कडांना चिरा पडल्या तर चमचाभर गर, हाताला चिकटला तर चिमूटभर पूड. पूड वाटीत घेताना ती हळू उपसावी, नाकात गेली की खोकला थांबत नाही. त्वचा नाजूक असेल तर हातमोजे घालावेत, दालचिनीने हात चुरचुरतात.

लाटताना खालीवर बटर पेपर ठेवला आणि भुरभुरायला दालचिनीच वापरली. मैदा भुरभुरला तर वाळल्यावर पांढरे डाग उठतात. जाडी पाच-सहा मिलिमीटर हवी. त्याहून पातळ चांदणीचे कोपरे तुटतात, जाड असेल तर ती आतून ओली राहते. साच्याने कापल्यावर लगेच स्ट्रॉने भोक पाडायचं, कडेपासून थोडं आत, नाहीतर दोरा कड कापत बाहेर येतो. खरबरीत कडा ओल्या बोटाने फिरवून गुळगुळीत केल्या.

मग प्रश्न आला ओव्हनचा. साधारण 95 अंश सेल्सिअसवर दोन-अडीच तासांत चांदण्या वाळतात, आणि तेवढा वेळ घरभर असा घमघमाट सुटतो की सगळे खूश. पण तो घमघमाट येतो चांदण्यांतूनच! दालचिनीचा वास उडून जाणाऱ्या तेलांत असतो आणि उष्णतेने ती तेलं निघून जातात. मला वास झाडावर हवा होता, तोही पुढचे काही आठवडे. म्हणून जाळीवर पसरून पंख्याखाली सावकाश वाळवल्या, सकाळ-संध्याकाळ उलटत. कडा वळू लागल्या तशी वरून दुसरी हलकी जाळी ठेवली. चांदण्या आकसतात, त्यामुळे साचा हव्या त्या मापापेक्षा थोडा मोठाच घ्यावा. हवा फार दमट असेल तर शेवटी ओव्हनचा आधार घ्यायला हरकत नाही, बुरशीपेक्षा थोडा वास गेलेला बरा. वार्निश मात्र मुळीच लावू नये. चकाकी येते खरी, पण वास आतच कोंडतो. मी पांढऱ्या रंगाच्या बारीक रेघा काढल्या, बाकी चांदणी उघडी ठेवली.

पार्टीच्या दिवशी वासाची जागा विचारपूर्वक ठरवली. संत्री दाराजवळ टांगली, येणाऱ्याच्या हालचालीने हवा ढवळते आणि दरवळ मिळतो. चांदण्या झाडावर. जेवणाच्या टेबलावर यांतलं काहीच ठेवलं नाही. लवंगेचा वास ताटातल्या पदार्थांवर मात करतो, आणि स्वयंपाक करणाऱ्याच्या मेहनतीचा मान राहत नाही. पाहुण्यांपैकी एकांना दम्याचा त्रास आहे. त्यांची खुर्ची खिडकीशी ठेवली आणि आधी विचारून घेतलं. त्यांना काही त्रास झाला नाही.

सहा जानेवारीनंतर सजावट उतरवली. चांदण्या कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्या, सोबत ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी. संत्री पुन्हा कागदी पिशवीतच. पुढच्या वर्षी चांदणीचा वास मंद वाटला तर मागची बाजू बारीक पॉलिश पेपरने हलकी घासायची. वरचा थर निघाला की आतली दालचिनी उघडी पडते आणि वास पुन्हा येतो. तेवढ्यानेही भागलं नाही तर मागे लवंग तेलाचा एक थेंब टाकायचा, पण तो पूर्ण मुरल्यावरच चांदणी झाडावर चढवायची. हे तेल रंग खराब करतं आणि काही प्रकारचं प्लॅस्टिक मऊ पाडतं.